आईच्या लुगड्याचा दंड

माझी वहिनी वाईट असती तर माझं फार सोपं झालं असतं. पण ती वाईट नव्हती. माझ्या लग्नानंतर ती आमच्या वाटूरच्या घरात आली आणि कुणालाही न दुखवता माझी जागा घेऊन बसली. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

लग्नाआधी घरातलं सगळं शिवणटिपण माझ्याकडे होतं. दादाच्या सदऱ्याची कॉलर झिजली की ती उसवून, उलटी करून मी पुन्हा बसवायची. सदरा आणखी वर्षभर निघायचा. आणि आईच्या लुगड्याला दंड घालायचा तो तर मीच. नऊवारी लुगडं बसायच्या जागी आधी विरतं, बाकीचं धड असतं. मग दोन जुनी लुगडी घ्यायची, विरलेलं कापून टाकायचं आणि धड भाग एकमेकांना जोडायचे. हा जोड म्हणजे दंड. नुसते टाके बारीक असून भागत नाही. नेसल्यावर दंड निऱ्यांत गडप झाला पाहिजे, चारचौघींत दिसता कामा नये. आई कौतुकानं सांगायची, "माह्या लेकीनं घातलेला दंड मलाच सापडत न्हाई."

मी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत नांदायला गेले आणि इकडं वहिनीनं ओट्यावर दरबार मांडला. बाजाराच्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बायका फाटकं-तुटकं घेऊन यायच्या. ती कुणाचं शिवून द्यायची नाही, ज्याचं त्याला शिवायला लावायची. बटण ढिलं झालं की तुटायच्या आत टाका घाला, रंगीत कपडा उलटा करून सावलीत वाळवा, एवढंसं भोक असतानाच रफू करा. "बोहारणीला देऊ नका, आधी मला दाखवा," हे तिचं पालुपद. पेठेतल्या मारवाडी दुकानदाराची बायकोसुद्धा ओढणी घेऊन तिच्यापुढं मांडी घालून बसायची. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण एकदा माझ्याकडंच कुरकुरली, "तुमच्या वहिनीनं माझा धंदा बसवला, बाई." मला त्या बोहारणीची फार दया आली. तेवढी एकटीच माझ्या बाजूची होती.

एका दिवाळीत माझ्यादेखत आईनं उसवलेली चोळी वहिनीकडं दिली. मी हात पुढं केला तर म्हणाली, "तू कशाला? तू पाव्हणी." पाव्हणी! ते चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. वहिनीनं केलेल्या करंज्या मात्र मी मुद्दाम नावं ठेवत खाल्ल्या.

पुढं आई आजारी पडली. कारखान्याचं गाळप चालू होतं, नवऱ्याला रजा नव्हती, मुलांची शाळा होती. माझं जाणं घटकाभराचंच व्हायचं. अशाच एका खेपेला मी तिच्या पेटीतली दोन जुनी लुगडी वहिनीच्या नजरेआड पिशवीत घातली आणि घरी आणून दंड घातला. इतका बारीक टाका मी जन्मात घातला नव्हता. शेजारच्या घरी बारसं होतं, सगळी गल्ली जमणार होती. त्या दिवशी आई माझं लुगडं नेसून ओट्यावर यावी, बायकांनी विचारावं, आणि तिनं पुन्हा तेच म्हणावं: लेकीनं घातलेला दंड मलाच सापडत न्हाई. मला बाकी काही नको होतं.

बारशाच्या दिवशी वहिनी पोळ्या लाटत होती तेवढ्यात मी आईला आतल्या खोलीत उभं केलं. कंबरेभोवती कापड फिरवलं आणि माझे हातच थांबले. कंबर कुठं होती तिला? वेढ्यात कापड पहिल्याइतकं गेलंच नाही. नेहमीइतक्या निऱ्या घेतल्या, पुढचा वेढा दिला, तर दंड निऱ्यांतून निसटून वर आला, थेट छातीवर. मी सोडलं, पुन्हा नेसवलं. निऱ्या वाढवल्या तर पोटाशी बोचकं झालं. बाहेर बायका हाका मारत होत्या. आईचे पाय थरथरायला लागले. तिनं माझ्या खांद्यावर हात टेकला आणि म्हणाली, "तिला बोलीव गं. तिला बराबर माहीत हाय."

वहिनी पिठाचे हात पुसत आली. तिनं स्वतः दंड घातलेलं दुसरं लुगडं काढलं, "चला आत्याबाई" म्हणत आईला हसत हसत नेसवलंही. कुठं दंड आहे, मला शोधून सापडला नाही. मग माझं लुगडं घडी घालताना हळूच म्हणाली, "टाका लई सुरेख हाय, ताई. पण दंड आता अलीकडं घ्या लागतो. आत्याबाई वाळून राह्यल्या ना. दर महिन्याला जागा बदलती."

दर महिन्याला. मी दर महिन्याला येतसुद्धा नव्हते.

बारसं झाल्यावर तिनं माझ्यापुढं लुगडं ठेवलं, मी टाके उसवले. तिनं आईच्या अंगाला कापड लावून नवी जागा दाखवली, जशी गल्लीतल्या बायकांना दाखवायची तशीच. माझ्या आईचं माप ती मला शिकवत होती. तिचा हात झटकून टाकावा असं वाटत होतं, आणि ती जागा नीट लक्षात राहावी असंही वाटत होतं. मी खाली मान घालून शिवत राहिले.

ते लुगडं आई फार दिवस नेसली नाही. ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत उशीर झाला होता. बायकांनी मला वाट दिली, कुणीतरी नवं लुगडं माझ्या हातात दिलं, लेकीनं नेसवावं म्हणून. मी ते वहिनीच्या हातात दिलं. सगळ्यांना वाटलं, हिला रडू आवरत नाही. मला भीती वाटत होती, पुन्हा चुकेल म्हणून. आणि त्या घटकेलाही, आईसमोर बसून, मी वहिनीवर जळत होते.