पुलगावचा पाणी मोजणारा

पाण्याचा पेला हातात दिला की तो आधी उन्हाकडे धरायचा. एक डोळा मिटायचा, पेला हळूहळू फिरवायचा, मग म्हणायचा, "चांगलं आहे." आणि नंतर प्यायचा. तुमच्या घरी असा पाहुणा आला तर तुम्हाला काय वाटेल? मला तर पहिल्याच दिवशी वाटलं, पेला हिसकावून घ्यावा आणि याच्याच डोक्यावर ओतावा. नालवाडीच्या मागे माझी भाजीची वाडी आहे. वाडीत वडिलांनी खोदलेली विहीर आहे. तिचा तळ आजवर कोणी पाहिलेला नाही, हे मी वर्ध्याच्या बाजारात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. विचारलं नाही तरी सांगतो.

"सवय आहे बाबाजी," तो म्हणाला. "पाण्याच्याच कामात जिंदगी गेली."

"काऊन? नळ दुरुस्त करत होते काय?"

तो हसला. रागावला नाही, म्हणून मीच जरा खट्टू झालो.

नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. माणूस पुलगावचा. बाप तिथल्या कापडाच्या गिरणीत होता. हा शिकला, दक्षिणेत नोकरीला गेला, मधली काही वर्षं समुद्रापलीकडच्या एका देशात होता. त्या देशाचं नाव त्याने मला तीनदा सांगितलं आणि मी तीनदा विसरलो. मोबाइलच्या, मोटारीच्या, हल्ली म्हणे कपडे धुवायच्या मशीनच्याही पोटात नखाएवढी चिप असते. ती बनवायच्या कारखान्यात हा पाणी सांभाळायचा. वय पन्नाशीच्या पुढे, डोक्यावर केस थोडे, खिशाला पेन दोन.

तसाच कारखाना आमच्या मागच्या माळावर काढायचं एका कंपनीच्या मनात आलं. माळावर एक बोर्ड लागला. सरपंचाने बोर्डासमोर उभं राहून फोटो काढला. पण आधी इथे पाणी किती आहे ते पाहायचं होतं, त्यासाठी कंपनीने याला नेमलं. दोन वर्षं गावच्या विहिरी मोजायच्या. दर दुसऱ्या मंगळवारी हा पुलगावहून मोटारसायकलवर यायचा आणि विहिरीत लांब टेप सोडायचा. टेपचं टोक पाण्याला लागलं की वरची डबी टीं करून ओरडायची. हा आकडा लिहायचा, टेप वर ओढायचा आणि म्हणायचा, "एकदा अजून." प्रत्येक विहिरीत तीन वेळा.

"पहिल्या खेपेले पाणी पळून गेलतं काय?" मी विचारलं.

"पाणी आहे तिथंच आहे बाबाजी. माह्या डोळ्याचा भरोसा नाई."

माझ्या विहिरीला आतून दगडी पायऱ्या आहेत. मी काठावरूनच सांगायचो, "आज अकरा उघड्या." तो माझ्या पायऱ्याही लिहून घ्यायचा, वेगळ्या रकान्यात. तिसरीत दोनदा बसलेल्या माणसाचा आकडा कंपनीच्या वहीत जातो, हे मी बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं.

ती म्हणाली, "मंग बुडते ते कंपनी."

पावसाचंही तो मलाच विचारायचा. मी सांगायचो, पूर्वी झड लागायची. आठ-आठ दिवस बारीक पाऊस, सूर्य दिसायचा नाही, भिंतींना ओल, कपडे चुलीवर वाळवायचे. जमीन सावकाश पाणी प्यायची आणि विहीर दिवाळीपर्यंत काठाला यायची. आता तो पाऊस राहिला नाही. आता एखाद्या दुपारी येतो, दारुड्यासारखा धिंगाणा घालतो, बांध फोडतो, माझी मेथी झोपवतो आणि सरळ नाल्याने निघून जातो. मग महिनाभर तोंड दाखवत नाही. उन्हाळा तर आमचा पहिल्यापासून मारकुटाच, पण आता तो फागणातच येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. "झड" हा शब्द त्याने वहीत लिहिला आणि खाली रेघ ओढली.

एकदा त्याने जुन्या कारखान्यातून आणलेली पाण्याची बाटली दाखवली. म्हणाला, "या पाण्यात काईच नाई. मीठ नाई, माती नाई, जंतू नाई."

"मंग कोणाले पाजता?" बायकोने विचारलं.

"पाजत नाई मायबाई. आरशासारख्या चकत्या असतात, त्या धुतो. पुन्हा पुन्हा धुतो. धुळीचा एक कण राह्यला का चकती बाद."

"बाई बाई! नव्या सुनेचे भांडे झाले म्हणा हे."

पिऊ नका म्हणाला, म्हणून मी प्यालो. चव काहीच नव्हती. सासुरवाडीच्या चहाची आठवण झाली. तसं मी म्हणालोही. बायकोने चहाचे कप उचलून आत नेले आणि त्या दिवशी आम्हा दोघांनाही चहा मिळाला नाही. त्याचा काही गुन्हा नव्हता.

असं बादलीभर पाणी करायचं तर आपलं पाणी बादलीपेक्षा जास्त लागतं, हे त्यानेच सांगितलं. अशा किती बादल्या दिवसाला लागतात, तेही सांगितलं. मला एवढी मोजणी येत नाही, पण आमचा नाला मला ठाऊक आहे.

"मंग इतक्या धुळीत, इतक्या उन्हात, इथं काऊन आणून राह्यले हे लोक कारखाना?"

"मले विचारून थोडंच आणून राह्यले? जमीन सपाट आहे, रेल्वे जवळ आहे. नकाशात पाणी निळंच दिसते."

त्या समुद्रापलीकडच्या देशातली एक गोष्ट त्याने फक्त एकदाच सांगितली. एका वर्षी तिकडे पाऊस आलाच नाही. धरणं उघडी पडली. कारखाना बंद पडू नये म्हणून सरकारने शेतकऱ्यांना सांगितलं, औंदा भात लावू नका, पाणी मिळणार नाही. भरपाई दिली म्हणे. टँकर कारखान्याच्या फाटकावर रांगेत उभे. एका टँकरची नोंद करायला हा बाहेरच्या गावात गेला, तर एक म्हातारा भाताच्या कोरड्या बांधीच्या काठावर बसलेला. हा कारखान्याचा माणूस आहे हे त्याच्या कपड्यांवर लिहिलेलंच होतं. तरी म्हाताऱ्याने याला बसवलं आणि थर्मासमधला चहा पाजला.

"शिवी दिली असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला आणि टेप पुसत बसला.

आता तुम्ही म्हणाल, मग या माणसाला आमच्याकडे कारखाना नकोच असेल. उलटं होतं. गावात सगळ्यांत जास्त कारखाना यालाच हवा होता. पुलगावात याची म्हातारी आई. ऐंशीच्या पुढची, एका डोळ्याने अंधू. ती तिथून हलायला तयार नाही आणि हा एकुलता एक. वीस-बावीस वर्षं याने तिला फोनवरच सांभाळलं. इथे कारखाना झाला तर पाण्याचा साहेब म्हणून हाच राहणार, हे कंपनीने कबूल केलं होतं. मोटारसायकलवर घरून यायचं, संध्याकाळी आईच्या हातचं पिठलं खायचं. आईने तर शेजारणीला सांगूनच टाकलं होतं की पोरगा आता जात नाही.

शेवटची मोजणी मेमध्ये होती. कंपनीचे मोठे लोक तीच पाहणार होते. सरपंचाने गावात सांगितलं, आठ दिवस पंपाच्या मोटारी बंद ठेवा, विहिरी भरलेल्या दिसल्या पाहिजेत. पाहुणे यायच्या आधी घर सारवतो, तसं. लोकांनी ठेवल्या. मला सरपंचाशी घेणं नव्हतं. माझं दुखणं वेगळं होतं. त्या वर्षी माझ्या विहिरीत सगळ्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि खाली हातभर गढूळ पाणी उरलं होतं. उभ्या बाजारात ज्याने छाती ठोकली, त्याने आता टेप खाली सोडू द्यायचा?

मी शेजाऱ्याच्या प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याला पाइप लावला. दोन दिवस पाणी माझ्या विहिरीत सोडलं. कोणाला सांगितलं नाही. लबाडी म्हणा. मी तिला अब्रू म्हणत होतो.

मंगळवारी तो आला. टेप सोडला, टीं झालं. तो चकित झाला. "एकदा अजून." तेच. "एकदा अजून." तेच. मग त्याने बादली ओढली, पेला भरला, उन्हाकडे धरला, आणि या वेळी "चांगलं आहे" म्हणाला नाही. एक घोट घेतला.

"बाबाजी, हे तुमच्या विहिरीचं पाणी नाई."

"मंग काय तुह्या आत्याच्या विहिरीचं आहे?"

"दोन वर्षांपासून पिऊन राह्यलो मी. याले प्लास्टिकचा वास आहे. शेततळ्याचं आहे हे."

मी आणखी भांडलो असतो. पण बायको मागून म्हणाली, "दोन दिवसांपासून पाइप घेऊन फिरून राह्यले. मले वाटलं, वांग्याले पाणी देऊन राह्यले."

मी खाली बसलो. नंतर म्हणालो, आणि हे मनापासून म्हणालो, "लिहून टाक ना साहेब असंच. कारखाना होईन. तू घरी राहाशीन. माय खूश, तू खूश. कोणाले समजते?"

तो वही उघडून पंपाच्या खोलीच्या सावलीला गेला. मला वाटलं, लिहितो आता.

"तुमची वाडी कोण भिजवीन मंग?" तो म्हणाला. "मी येऊन तुमच्यासंगं चहा पिऊ काय बांधावर?"

मी उठून पाइप गुंडाळायला लागलो.

"हे पाणी काढून वांग्याले द्या. चार दिवसांनं येतो."

चार दिवसांनी टेपला पाणी लागलंच नाही. टेप चिखलात रुतला आणि डबी मुकी राहिली. त्याने तीनदा सोडला. मी काठावर उभं राहून माझ्या बापाच्या विहिरीचा तळ पाहिला. तळाच्या चिखलात पितळेचा गुंड, म्हणजे पाणी भरायचा हंडा, आडवा पडला होता. आमच्या लग्नातला. तो हरवला तेव्हापासून मी तो सासूनेच नेला असं म्हणत आलो होतो. बायकोने तो वर काढून चिंचेने घासला आणि दारातच ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

त्याने जे होतं ते लिहिलं. मोटारी बंद ठेवल्याचंही लिहिलं. सरपंच त्याला चौकात म्हणाला, "पुलगावच्या माणसानं गावाचं नशीब बुडवलं." तो म्हणाला, "बुडायले पाणी लागते सरपंच," आणि गाडीला किक मारली. कंपनी दुसरीकडे गेली. तिथे मोठी नदी आहे म्हणतात, दर पावसाळ्यात लोकांच्या घरात शिरते. माळावरचा बोर्ड एका गुराख्याने बकऱ्यांच्या गोठ्यावर टाकला. बकऱ्या आता कंपनीच्या सावलीत बसतात.

त्याची नोकरी इथली संपली. त्याचं काम दुसरं कुठे मिळणार? परत दक्षिणेत, जुन्याच कारखान्यात. आई सोबत गेली नाही. जाताना तो आमच्याकडे आला आणि मला एवढंच म्हणाला, "कधीमधी पुलगावले जात जाजा."

जातो. पंधरा दिवसांनी वांगी आणि पालक घेऊन जातो. पावसाळ्यात विहिरीला पुन्हा पाणी आलं, थोडं आलं, पण वाडी हिरवी आहे. त्या म्हातारीला खरं काय ते कोणी सांगितलेलं नाही. ती दारातल्या खाटेवर बसलेली असते आणि माझी चाहूल लागली की विचारते, "कारखाना कधी निघते जी? पोरगं म्हणे, बांधकाम झालं का येतो."

मी जन्मभर तोंडावर बोलणारा माणूस. सरपंचाला बोललो, तलाठ्याला बोललो, सासूला तर विचारूच नका.

"पाया खोदून राह्यले माय," मी सांगतो.

"अजून पायाच?"

"मोठा कारखाना आहे. पाया खोलच लागते."

ती मान हलवते आणि पालकाच्या जुडीची दोरी सोडायला लागते.