पत्र्यावरचे दगड

माझ्या डोहाळजेवणाच्या दिवशी घरातले सगळे मोबाईल एकदम कर्कश वाजायला लागले. वैशाखातलं ऊन होतं, मला सातवा महिना होता आणि हिरवी साडी नेसून, मोगऱ्याचे दागिने घालून मी पाटावर बसले होते. नणंदेनं फोन उचलला आणि त्यावर आलेला हवामानाचा इशारा मोठ्यानं वाचला, "दुपारनंतर सोसाट्याचा वारा, विजा, गारपीट. उघड्यावर थांबू नये."

आमचं घर पडेगावात, दौलताबादच्या रस्त्यापासून जरा आत. पुढं स्लॅबची एक मोठी खोली, मागं पत्र्याचं स्वयंपाकघर. कार्यक्रम मात्र शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ठरला होता. मांडववाल्यानं सकाळीच लोखंडी पाइप उभे करून वर कापड ताणलं होतं आणि खाली फुलांचा झोपाळा टांगला होता.

"आत्ताच्या आत्ता मांडव उतरवा. काय करायचं ते आत करू," नणंद म्हणाली. तिचं बोलणं नेहमीच तुटक. सासऱ्यांना ते झोंबलं.

"आभाळात ढग नाय आन् मांडव उतरवा म्हने! कन्नड गावावरून पाव्हनी मंडळी निघाली. त्यायला काय रस्त्यात बसवू?"

"त्यांना मी फोन करते, थांबतील कुठंतरी. आणि बाबा, पत्र्यावरचे दगड खाली काढा. तारेनं बांधून घ्या पत्रे."

"दगड हायेत म्हनून पत्रे हायेत. तू नको शिकवू मला."

"दगड डोक्यात पडल्यावर शिकाल का?"

सासऱ्यांनी हातातला तांब्या भिंतीवर भिरकावला. तो ठणकन आपटून माझ्या पायाशी येऊन पडला. सासूबाई दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "दोन जिवाची बाई बसलीय इथं. तोंडं बंद करा दोघंबी," एवढंच त्या म्हणाल्या. सासरे तणतणत बाहेर गेले आणि उलट आणखी चार दगड त्यांनी पत्र्यावर चढवले.

कन्नडची मंडळी येऊन जेवण उरकेपर्यंत पश्चिमेकडचं आभाळ काळंनिळं झालं. मग मात्र पळापळ सुरू झाली. खुर्च्या आत आल्या, स्वयंपाकाची पातेली आत आली, नणंदेनं सिलिंडर बंद केला, मीटरचं बटण पाडलं. मांडववाला फोन उचलेना, म्हणून माझे मिस्टर एकटेच कापडाच्या दोऱ्या सोडायला गेले. दोन कोपरे सुटले आणि वारा आला.

तो माळावरून सरळ येऊन आदळला. सुटलेलं कापड फुगलं, पाइप मुळासकट उपटले आणि हातात दोरी धरलेले हे जमिनीवरून उचलले गेले. मी दारातून किंचाळले, "अहो, सोडा ती दोरी!" त्यांना ऐकू गेलं की हातच सुटला, कोण जाणे. ते कंपाउंडच्या भिंतीवर आपटले. एक पाइप भाल्यासारखा उडाला आणि शेजाऱ्यांच्या गाडीची काच फोडून आत घुसला. सासऱ्यांनी यांना काखेत धरून ओढत आत आणलं, तेव्हा यांचा उजवा पंजा मनगटापासून भलतीकडंच वळला होता.

मग गारा सुरू झाल्या. आधी खिडक्यांवर तडतड वाजल्या, मग खिडक्याच राहिल्या नाहीत. काचा खोलीभर उडाल्या. माझ्या मावशीच्या कपाळातून रक्त यायला लागलं. पोरं रडत होती, बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. दार उघडून धाडकन मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. सासूबाईंनी माझा दंड धरला आणि मला ओढत स्वयंपाकघरात नेलं. तिथं काचेची खिडकी नव्हती, म्हणून.

आत पाऊल टाकलं तोच डोक्यावर घर्रर्र आवाज झाला. पत्रा एका बाजूनं उचलला गेला होता आणि वरचे दगड घरंगळत होते. सासूबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. मला ओट्याखालच्या जागेत ढकललं आणि माझ्यावर पालथ्या पडल्या. पत्रा फाटल्यासारखा ओरडत उडून गेला. दगड फरशीवर आदळले. त्यातल्या एकाचा आवाज वेगळा आला, ओल्या लाकडावर घाव बसावा तसा. त्यांचं अंग एकदा थरथरलं. तोंडातून हुं की चूं नाही.

गारा आता थेट त्यांच्या पाठीवर पडत होत्या. माझ्या पोटात बाळ जोरात हललं आणि मग हलायचं थांबलं. तेवढ्यात नणंद डोक्यावर परात धरून धावत आली, आईवर वाकली आणि वादळ सरेपर्यंत तशीच उभी राहिली. परातीवर गारा अशा वाजत होत्या की आम्ही एकमेकींना काही सांगू शकत नव्हतो.

सगळं शांत झाल्यावर सासरे आत आले. छप्पर नव्हतं. बायको ओट्यापाशी पडलेली. त्यांनी एकेक दगड उचलला आणि सगळी ताकद लावून उघड्या दारातून बाहेर फेकला. शेवटचा फेकून ते तिथंच खाली बसले. नणंदेनं गाडीची किल्ली उचलली.

गाडी तिनंच चालवली. रस्त्यावर लिंबाच्या फांद्या आडव्या पडल्या होत्या, विजेच्या तारा लोंबत होत्या. प्रत्येक खड्ड्याला मागच्या सीटवर यांच्या तोंडून आवाज निघायचा. सासूबाई मात्र दातावर दात दाबून माझ्या पोटावर हात ठेवून होत्या. दुसरा हात त्यांना हलवताच येत नव्हता. तो आजही खांद्याच्या वर जात नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना आधी तपासायचं म्हटलं, तर त्या ऐकेनात. "आधी तिला बघा. बाळ बघा." शेवटी मला शेजारच्या खाटेवर निजवून डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र लावलं. सासूबाईंनी चांगल्या हातानं माझा हात धरला होता. बराच वेळ नुसती खरखर. मग ठोके ऐकू आले, भरभर, दौडत्या घोड्यासारखे.

"हाय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे. चांगलं आहे."

त्यांनी माझा हात सोडला आणि तोंड उघडून अशी किंकाळी फोडली की सगळा वॉर्ड उठून बसला.