माझी कातडी घेवा

"माझी कातडी घेवा, डॉक्टर. माझ्या पायाची घेवा." हे तो रोज म्हणायचा, आणि म्हणताना तोंड खिडकीकडे. माझ्या पायाकडे त्याने पाहिलं नाही. अपघात करून पळणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. हा रोज परत यायचा.

तो दोडामार्गाकडचा, खनिजाच्या टिपरवरचा ड्रायव्हर, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. मी सुर्ल्याच्या शाळेत शिकवायची. गोवा राज्य होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमचा रस्ता अरुंद तो अरुंदच. शाळा सुटल्यावर कडेने चालले होते. मागून हॉर्न वाजला, मी सरेपर्यंत चाक माझी डावी नडगी सोलत गेलं. त्यानेच मला उचलून जीपमध्ये घातलं.

"हॉर्न मारलंय, बाई. ब्रेक मारूक होयो होतो," वॉर्डात तो म्हणाला. माझ्या भावाने त्याची कॉलर धरली. त्याने हात खाली सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी बेकरीतले गरम पाव, उंडे, घेऊन हजर. भावाने ते कुत्र्यांना टाकले. तरी तो आणतच राहिला. शेवटी भावानेच एक उंडो मोडून अर्धा त्याच्या हातात दिला. "खा रे, सकाळसावन बसलायस."

माझं हाड उघडं पडलं होतं. उघड्या हाडावर कातडी धरत नाही, आणि दुसऱ्याची तर टिकतच नाही, हे डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं. आधी तिथे कृत्रिम थर बसवायचा. त्यात माझ्या रक्तवाहिन्या शिरल्या की वर माझ्याच मांडीची पातळ कातडी.

"म्हणजे माझा कायच नको?"

त्याचा चेहरा इतका उतरला की त्या म्हणाल्या, "बरं, रक्त दे." तो धावतच गेला. परतला तो बाही दुमडून, सगळ्या वॉर्डाला दंडावरचा कापूस दाखवत. त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले.

थर बसला तेव्हा ओल्या पापडासारखा दिसत होता. लाल झाला म्हणजे रक्त पोचलं, म्हणून काही आठवडे आम्ही थराचा रंग बघत होतो. तो खिडकीकडे तोंड करूनच विचारायचा, "लाल झालो?" एका सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झाला." त्याने गजांना कपाळ टेकलं.

मग मांडीची कातडी लावली, तीही धरली. कुबडीशिवाय चालले त्या दिवशी मी म्हटलं, "आता तरी बघ रे."

तो वळला. बघत राहिला. मग त्या चकचकीत कातडीवर अलगद एक बोट ठेवलं.

"दुखता?"

"नाही रे. तिथे मला काही कळतच नाही." त्याला बरं वाटावं म्हणून मी बोलले.

"माझा बोट लागला, ता कळला नाय?"

"नाही."

त्याने हात काढून घेतला. त्यानंतर तो आला नाही.

टिपर सोडून तो इब्रामपूरला सासऱ्याच्या काजूच्या बागेत राबतो, असं पुढे कळलं. मी एकदा गेले. दारात त्याची बायको होती. "आत्ताच हयसर होते," म्हणताना ती ओशाळली. मागचं दार सताड उघडं होतं. पाटासमोर ताटात पेज वाढलेली, अजून वाफ येत होती.

मी बसून राहिले. पेज निवली, तशी तिने ताट झाकून ठेवलं.