पांढऱ्या गोळ्यांवरचा पहारा

त्या दुष्काळात आमच्या घरात दोघी गाभण होत्या, एक गोठ्यात आणि एक चुलीपाशी. चुलीपाशी मी. मान अर्थात गोठ्यातलीचा मोठा. ती व्याली की डेअरीला दूध सुरू होणार, म्हणून सगळ्यांचा जीव तिच्यात. मी व्याले तर काय, खाणारं एक तोंड वाढणार.

रानात हिरवं काही उरलं नव्हतं. बागायती गावांकडून उसाचे शेंडे यायचे, तेच वाढं म्हणून गायीपुढे पडायचं. डेअरीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सासूबाईंना बजावलं होतं, नुसत्या वाढ्यानं जनावराच्या हाडातला चुना कमी होतो, वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडत जा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवाला पाणी घालावं तशा भक्तीनं रोज निवळी शिंपडायच्या.

आणि मला उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी गोळ्या दिल्या. लाल रक्ताच्या, पांढऱ्या हाडांच्या. आत्याबाईंनी लाल गोळीला जाऊ दिलं. पांढरी मात्र दाढेखाली धरली, चावली आणि अंगणात थुंकली.

"चुना हाय ह्यो."

"मग गायीला तुमी काय घालताय?"

"गायीचं येगळं."

"येगळं कावून?"

"तिला चार पाय हायती."

चार पायांपुढं माझे दोन काय टिकणार!

आत्याबाईंना सगळ्याचाच संशय. सरकार फुकट देतंय म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं. तिळाची चटणी मागितली तर तीळ उष्ण. शेवग्याचा पाला मागितला तर तोही उष्ण. थंड म्हणाल तर त्या वर्षी आमच्या घरात एक चूल तेवढी थंड असायची. इकडे माझ्या पोटऱ्यांत असे पेटके यायचे की मी भिंतीला धरून नाचल्यासारखी करायची. पोटातलं चांगलं लाथा मारायचं. त्याची हाडं कशाची बनत असतील, ह्याचा हिशेब मी रोज करायची.

मग मी गोळ्या लपवायला लागले. मिठाच्या बरणीत लपवल्या, गायब. गोधडीच्या घडीत ठेवल्या, गायब. आता मला संशय आला, आणि माझा संशय आत्याबाईंच्याहून कमी नव्हता. म्हटलं, ही बाई माझ्या गोळ्या गायीला चारते! दोन दिवस मी गोठ्याच्या कुडाआडून गव्हाणीवर पाळत ठेवली. गायीनं माझ्याकडं फार दयेनं पाहिलं, पण गव्हाणीत पांढरा कण दिसला नाही.

गोळ्या सापडल्या आत्याबाईंच्या चंचीत, सुपारीच्या खाली. एकही कमी नाही. मी चंची त्यांच्यापुढं आपटली.

"गायीला न्हाई, मला न्हाई, मग ठिवल्या कुनासाठी?"

मला वाटलं, आता भांडण रंगणार. मी पदर खोचला होता. पण त्या खालीच बसल्या.

"माझं पयलं अडलं हुतं," त्या म्हणाल्या. "डोस्कं अडलं. सुईन म्हनली, हाडं निब्बर झाली पोराची. मी वाचले, ते न्हाई वाचलं. तुझ्या पोराची हाडं मी माझ्या हातानं निब्बर करू का?"

माझा खोचलेला पदर आपोआप सुटला. पण पेटके काही सुटले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात डेअरीचे डॉक्टर गाय बघायला आले. आत्याबाईंचा जगात एकाच माणसावर विश्वास होता आणि तो गुरांचा डॉक्टर होता. पण परक्या पुरुषापुढं सुनेच्या पोटाची गोष्ट काढायची कशी? त्यांनी गायीच्या पाठीवर हात ठेवला, नजर माझ्यावर.

"डाक्टर, पयलटकरनीला चुना दिला, तर पोटातल्याची हाडं निब्बर हुतील का? डोस्कं अडंल का?"

"आजी, हिचं तर तिसरं वेत हाय की."

"आसूंद्या. पयलटकरीन समजा."

डॉक्टरांनी गायीकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं, आणि पुन्हा तोंड गंभीर करून गायीकडं वळले.

"न्हाई हुत निब्बर. पोटातल्याला हाडं करायला चुना लागतोच. खाण्यातून मिळाला न्हाई, तर ते आईच्या हाडातून वढून घेतं."

आत्याबाई माझ्या पोटऱ्यांकडं बघत राहिल्या.

"मग... गायीला कवा द्यायची गोळी?"

"जेवल्यावर. लाल गोळीसंगं न्हाई, दुसऱ्या येळंला. आन् गायीला म्हनावं, बाकीचं नर्सबाईंना इचारायचं. बाळंतपण दवाखान्यातच. घरी न्हाई."

"गायीला?"

"व्हय. गायीला."

डॉक्टरांची मोटरसायकल वळणावर जाईपर्यंत मी पदर तोंडात कोंबून उभी होते. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी चंचीतून गोळी काढली आणि माझी भाकरी खाऊन झाल्यावर तळहातावर ठेवली. त्या दिवसापासून संशयानं बाजू बदलली. "गिळली का? तोंड उघड. जीभ वर कर." शेवग्याचा पालाही एकाएकी उष्ण राहिला नाही.

दिवस भरल्यावर अंबाजोगाईच्या दवाखान्यात त्या माझ्याबरोबर आल्या. आत माझा आरडाओरडा चालला होता, आणि नंतर कळलं की बाहेर त्या दाराला टेकून उभ्या होत्या, कुणी बस म्हटलं तरी बसल्या नव्हत्या. डोकं अडलं नाही. मुलगी झाली.

नर्सनं मुलगी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तोंड पाहिलं नाही, रंग पाहिला नाही. सरळ अंगठा टाळूवर ठेवला. ती मऊ जागा वरखाली होत होती.

"मऊ हाय," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, तिच्या आईला सांगितलं, फरशी पुसणाऱ्या मावशींना थांबवून सांगितलं, "मऊ हाय टाळू. बगा, मऊ हाय." सगळ्यांना सांगून झाल्यावर माझ्या खाटेशी आल्या, आणि माझं बोट धरून त्या टाळूवर ठेवलं.