जपून मारलेली गाडी

माझ्या दिराने तीन वर्षांत एक रविवार चुकवला नाही. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून तो आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या बिल्डिंगखाली यायचा, माझ्या नवऱ्याच्या गाडीवरचं कव्हर काढायचा, बॉनेटवर उदबत्ती ओवाळायचा आणि गाडी चालू करून पाच मिनिटं जागच्या जागी उभी ठेवायचा. मग बंद, पुन्हा कव्हर. किल्ली त्याच्या घरच्या जुडग्यात आणि जुडगा त्याच्या खिशात. गॅलरीतल्या बायका मला म्हणायच्या, गेलेल्या भावावर काय जीव आहे बघा. मी गप्प बसायचे, कारण तोंड उघडलं असतं तर सगळी बिल्डिंग गोळा झाली असती.

तो त्या गाडीला मारत होता, दर रविवारी थोडं थोडं.

नवरा बोटीवर इंजिनिअर होता. ही दोन दारांची बुटकी टर्बो गाडी त्याने जपानहून आणली होती आणि तिचं इंजिन जगावेगळं आहे. त्यात वरखाली होणारे पिस्टन नाहीत, तिकोनी लोखंडी ठोकळे आहेत, ते गरागरा फिरतात. ठोकळ्याच्या तिन्ही टोकांना पातळ पट्ट्या असतात, त्या भिंतीला घासत जातात आणि आतला दाब धरून ठेवतात. हे इंजिन पेट्रोलबरोबर थोडं तेलही जाळतं, तो त्याचा जन्माचा स्वभाव. थंड असताना चालू करून लगेच बंद केलं की ते तेल अर्धवट जळतं, काजळी धरते, पट्ट्या आपल्या खाचेत चिकटून बसतात आणि दाब निसटतो. नवऱ्याचा नियम साधा होता: तापल्याशिवाय बंद करायची नाही, आणि बाहेर काढली की एकदा तरी काटा लाल पट्ट्यापर्यंत न्यायचा. पळवलीस तर ही गाडी जगेल, म्हणायचा.

हे मी दिराला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, "वहिनी, ही गाडी तुमच्या हातातली न्हाय."

तो असं का म्हणाला तेही सांगते. नवऱ्याचा कॅन्सर शेवटाला आला तेव्हा त्याला पलंगावरून उठू द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं. सलाइन घरीच लागायचं, बाटली पडद्याच्या दांडीला टांगलेली. एका सकाळी तो मला म्हणाला, मला उत्तनकडच्या चौकला ने, समुद्र बघायचाय. मी नेलं. हाताला सुई तशीच टेपने चिकटवलेली, पाठीमागे दोन उश्या, आणि गाडी मी चालवली. परत आलो तर दीर गेटवर उभा. त्याने माझ्या हातातून किल्ली काढून घेतली. पुढच्या आठवड्यात नवरा गेला. डॉक्टरांनी सांगितलं की त्याची वेळ आलीच होती, पण दिराच्या डोळ्यांत मला रोज दिसायचं की त्याने तो दिवस माझ्या नावावर लिहून ठेवलाय. तो कधी बोलला नाही. बोलला असता तर मी भांडले तरी असते.

या गणपतीनंतर गाडी चालूच होईना. दिराने काशिमिऱ्याहून मेकॅनिक आणला. त्याने स्टार्टर मारून बघितला, कान लावला आणि म्हणाला, "इंजिन खतम है भाभी. निकाल के दूसरा डाल दो." लगेच दिराच्या ओळखीतून मीरा रोडचा एक कॅफेवाला उगवला. त्याला गाडीचा नुसता सांगाडा हवा होता, इंजिन काढलेला. दुकानाच्या दारात ठेवणार, गिऱ्हाइकं आत बसून फोटो काढणार.

माझं डोकं सणकलं. माझ्या नवऱ्याच्या सीटवर बसून कोणीतरी कोल्ड कॉफी पिणार.

दीर समजावत होता, की चांगल्या जागी राहील, रोज पुसतील, लोकं बघतील. त्याचं मन साफ होतं हो, त्याचाच तर त्रास. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "रविवारी चालली तर ती माझी. नाही चालली तर न्या." तो म्हणाला, "ठीक हाय. रविवारी दुपारी टेम्पो येईल." आमच्या मिठागरवाल्यांच्या घरात चारचौघांत दिलेला शब्द फिरवत नाहीत. आणि मला फिरवायचाही नव्हता.

शुक्रवारी मी नवऱ्याची हत्यारपेटी खाली उतरवली. गाडीच्या दाराचं लॉक केव्हाचं बिघडलेलं, त्यामुळे बॉनेट उघडायला किल्ली लागली नाही. स्पार्क प्लग काढले तर कोळशाच्या खड्यासारखे काळे. त्या भोकांतून मी ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल आत सोडलं, इंजिनच्या पुढच्या चाकीला पाना लावला आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. नवऱ्याने मला कानाने तपासायला शिकवलं होतं. इंजिन धड असेल तर भोकांतून फूस, फूस, फूस असा एकसारखा श्वास येतो. माझ्या कानावर एक फूस आली आणि मग नुसती सळसळ. पट्ट्या चिकटलेल्या होत्या, तुटलेल्या नव्हत्या. तुटल्या असत्या तर खरखर लागली असती.

शनिवारी पुन्हा फिरवलं. पहिल्या मजल्यावरच्या बेनने वरून विचारलं, "भाभी, आ शुं करो छो?" मी म्हटलं, "मालिश करतेय." ती हसली, पण मी खरंच तेच करत होते. संध्याकाळपर्यंत तिन्ही श्वास यायला लागले, एक जरा कमजोर, पण आले. मग आतलं तेल जमेल तेवढं शोषून काढलं आणि नवे प्लग लावून ठेवले.

रविवारी दीर आला तो हातात नारळ घेऊन, निरोपाचा. उघडं बॉनेट बघून थबकला. दुसऱ्या गाडीची बॅटरी मी आधीच जोडून ठेवली होती. बॉनेटच्या कडीला मी सलाइनची बाटली टांगली होती, उकळून गार केलेल्या पाण्याने भरलेली. तिची नळी इंजिनात हवा शिरते त्या वाटेवर एका छोट्या तोटीला जोडलेली. ती बाटली आणि तो सेट माळ्यावर उरलेल्या खोक्यातलाच होता. दिराने ओळखला. त्याचा चेहरा उतरला.

"हे काय हाय, वहिनी?"

"तव्याला काजळी धरली की तापल्या तव्यावर पाणी शिंपडतो ना आपण, तेच. बसा आणि चालू करा."

पहिल्यांदा नुसतीच घरघर. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा एक भडका झाला आणि पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की समोरची विंग दिसेना. बेनने कपडे ओढून घेतले, सेक्रेटरी खिडकीतून हिंदीत ओरडायला लागला. ओरडू दे म्हटलं, ह्याच्या स्कूटरचा धूर आम्ही वर्षानुवर्षं गिळतोय. गाडी खोकत होती, पण चालू होती.

चांगली तापू दिली. मग म्हटलं, "भावजी, आता ॲक्सिलरेटर दाबून धरा. पाय काढायचा नाही."

"इंजिन फुटंल."

"पाय काढलात तर बंद पडेल. दाबा."

तीन वर्षं ज्याने त्या पेडलला बोट लावलं नव्हतं, त्याने घाबरत पाय दाबला. मी सलाइनच्या नळीवरच्या चाकावर अंगठा ठेवला आणि पाणी थेंबाथेंबाने सोडायला लागले. आत गेलं की त्याची वाफ होते आणि वाफ काजळी उकलते. धार जास्त झाली आणि मोठा खपला एकदम सुटला, तर तो धुराबरोबर बाहेर पडताना टर्बोचं पातं तोडतो. मग मेकॅनिकही खरा, कॅफेही खरा. याच चाकावरून मी नवऱ्याचे थेंब मोजले होते, तसेच आता हे मोजत होते. इंजिन मध्येच आचके द्यायचं, दीर पाय काढायला जायचा, मी डोळे वटारायचे. बाटली रिकामी होईपर्यंत धुराचा रंग पांढऱ्याचा करडा झाला होता आणि मागच्या भिंतीवर काळे शिंतोडे उडाले होते.

"झालं?" त्याने विचारलं.

"अर्धं. सुटलेली घाण बाहेर काढायला पळवावी लागेल. सरका तिकडे."

घोडबंदर रोडला सकाळी जरा मोकळीक होती. चेण्याकडे वळणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे मी दुसऱ्याच गिअरमध्ये पाय रोवला. काटा चढायला लागला. मागून काळा धूर, रिक्षावाले शिव्या देत बाजूला. दिराने एका हाताने नारळ आणि दुसऱ्याने दाराची कडी धरली होती. टर्बोने दम घेतला तशी गाडी पुढे झेपावली, काटा लाल पट्ट्याला टेकला आणि आतला धोक्याचा बझर वाजला. मी पाय सैल केला. आरशात बघितलं तर मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

दीर पुढे बघतच म्हणाला, "मी इतकी जपली, वहिनी."

"जपलीत म्हणूनच मेली होती." मला राहवलं नाही. "त्यालाही तसंच जपत होतात तुम्ही सगळे."

मला वाटलं आता भांडेल. माझी तयारी होती, तीन वर्षांची. पण त्याने वेगळंच विचारलं.

"त्या दिवशी, चौकला जाताना... दादा काय बोलला?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. "उत्तनच्या चढावर मी हळू चालवत होते, त्याला धक्के बसू नयेत म्हणून. तर सुई लावलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवून म्हणाला, दाब की अजून. मी दाबलं. हसला तो. त्या आजारात तेवढाच एकदा हसला."

दिराने नारळ मांडीवर घेतला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. समोर रस्ता रिकामा होता. थोड्या वेळाने, मान न वळवता, घसा खाकरून तो म्हणाला, "मग दाबा की, वहिनी."

परत आलो तेव्हा टेम्पो गेटशी उभा होता. मी इंजिन चालूच ठेवलं. दीर उतरला आणि टेम्पोवाल्याला त्याच्या त्या मिठागरी हिंदीत म्हणाला, "जाव तुम. इसका इंजिन कोई न्हाय निकालेगा." मग परत येऊन खिडकीतून हात आत घातला, चालू गाडीच्या किल्लीला लटकणाऱ्या जुडग्यातून आपल्या घराच्या किल्ल्या एकेक करून काढून घेतल्या आणि ही एकच तिथे राहू दिली.