लकी गाठ आणि तीन डाव्या चपला

जुने केसपेपर उंदीर खातात. किस्से मात्र रिटायर झालेल्या कारकुनाच्या डोक्यात साचत राहतात. मी मणक्याच्या ओपीडीत नोंदणीच्या खिडकीवर होतो, त्यामुळे माझा साठा जरा जास्तच!

गंगापूरकडचे एक आबा सहा वर्षांच्या नातवाला, ओंकारला, घेऊन आले. कमरेखाली जन्मापासून लिंबाएवढी मऊ गाठ.

“काय त्रास?” मी विचारलं.

“तरास नाय साहेब, लई लकी हाये!”

बोअर मारण्याआधी अख्खी आळी म्हणे शर्टवरून गाठीला हात लावून जायची. ओंकारची फी, एक लिमलेटची गोळी. आता पाय ओढतो म्हणून शाळेतल्या बाईंनी धाडलं होतं, एवढंच.

“आणि पाणी नाही लागलं तर?”

“हात नीट लावला नसंल!”

*

डॉक्टरांनी समजावलं. गाठ चरबीची, पण आत मज्जारज्जूच्या शेवटाला चिकटलेली. पोरगं वाढतं तशी ओढ बसते.

“म्हंजी खुंट्याला बांधल्यावानी?”

“अगदी! सोडवलं नाही तर डावा पाय जाईल.”

आबांनी बराच विचार केला. “आन् लक?”

*

ओंकारच्या डाव्या पायातली चप्पल गळून पडे आणि त्याला पत्ताच नसे. दर खेपेला एक ओपीडीत मागे राही. ‘सापडलेल्या वस्तू’च्या रजिस्टरात मी इमानदारीत लिहायचो : चप्पल, डावी. मालक पुन्हा गाळणार.

चौथ्या खेपेला मी तिन्ही चपला खिडकीत ओळीनं मांडल्या. आबा हसतील असं वाटलं होतं. ते बघतच राहिले.

“सही कुठं करू?”

*

सहीसोबत अट आली : कापण्याआधी डॉक्टरांनी गाठीला हात लावायचा.

“आबा, हे सायन्स आहे!” डॉक्टर कडाडले.

ऑपरेशनच्या सकाळी स्टाफनं मात्र हसत हसत हात लावून घेतले. मी हसलो नाही. माझी प्रमोशनची फाईल अडकली होती. मी दोनदा लावला.

प्रमोशन झालं नाही.

“नीट लावला नसंल,” आबा म्हणाले.

*

सहा महिन्यांनी ओंकार पळतच आला. दोन्ही चपला पायात!

“पाय वाचला साहेब,” आबा म्हणाले, “पण आळीनं आता हात कुठं लावावा?”

ओंकारनं डावा पाय पुढे केला. “ह्याला लावा. गोळी लागंल पण!”

डॉक्टर एका अवघड ऑपरेशनला निघाले होते. “आबा, सायन्स!” असं दटावून ते पुढे गेले. कोपऱ्यावर थांबले. माझ्या खिडकीशी परत आले आणि हळूच म्हणाले,

“काका, लिमलेटची गोळी आहे का?”