जे मी म्हणालेच नव्हते

मैत्रिणींनो, मुलाला विचारूनच हे लिहितेय. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल अनफ्रेंड करावं.

आज दुपारी धुळ्याहून जळगावला मुलाच्या खोलीवर गेले, न कळवता. आत पाच-सहा जण चिवडा खात बसले होते. सगळे माझ्या मुलासारखेच, गे किंवा लेस्बियन. दर रविवारी जमतात, एकमेकांना धीर देतात.

त्यातली एक मुलगी, गाव सांगत नाही, मला म्हणाली, "काकू, उद्या मी आईला सांगणार. माले भलतं भेव वाटस. यानं तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणाल्या?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगाच बोलला, "आई म्हणाली, आधी जेवून घे."

साफ खोटं! मी म्हणाले होते, "आणखी कोणाला सांगितलंस?" आणि आठवड्याच्या आत समाजाच्या वधू-वर पुस्तिकेसाठी त्याचा फोटो पाठवला. 'निर्व्यसनी, मनमिळाऊ' असं मीच लिहिलं. कॉन्व्हेंटचं शिक्षण, तीस वर्षांची मास्तरकी, सगळं पाण्यात! तो दोन दिवाळ्या घरी आला नाही.

पोरगी माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी गुमान चहा प्यायले.

बसस्टँडवर मुलाला म्हटलं, "माझी लाज राखलीस रे."

"तुझी नाही, आई. तिला उद्या घरी जायचंय. तिला आज खरं ऐकवून कसं चाललं असतं?"

उद्या तिची आई काय म्हणेल? तुम्ही असता तर काय म्हणाला असता? खरं सांगा.